कोण वापरतंय हे?

त्या वेबसाइटचं पान उघडायला इतका वेळ घ्यायचं की डोळे दाखवायला आलेल्या माणसाचं डोकं दुखायला लागावं. हा विनोद ती वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीच्या खुद्द साहेबांनी केला होता, पण करताना ते स्वतः हसले नव्हते, म्हणून बाकीच्यांनीही हसू आवरलं. डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलची ती वेबसाइट. तपासणीचा नंबर लावायचा तर तिथेच लावायचा. फोनवर नंबर देणं हॉस्पिटलने केव्हाच बंद केलं होतं. आणि जुन्या फोनवर ते पान बैलगाडी चिखलात रुतावी तसं रुतून बसायचं.

"हे तू बघ," साहेब धाकट्याला म्हणाले. "बाहेरून आणलेलं जे जे सामान आत कोंबलंय ते उपस. लागतं ते ठेव, लागत नाही ते फेकून दे."

धाकटा हे त्याचं घरातलं नाव. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. थोरल्या भावाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, आणि नव्या नवरीने घरात पाऊल टाकलं ते थेट या पोराच्या अभ्यासावर आणि आजारपणावरच. वहिनीनेच त्याला लहानाचा मोठा केला. मुलगा हुशार निघाला. आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकरच कळलं, एवढंच काय ते वाईट झालं.

कामाला तो हौसेने लागला. वेबसाइट बनवणारे सगळंच स्वतः लिहीत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या लायब्ऱ्या असतात, त्या उचलून आणतात आणि जोडतात. यात गैर काही नाही. पण हवी असते एक सुई, आणि घरात येतं शिंप्याचं अख्खं दुकान. इथे तर एक ना धड भाराभर चिंध्या झाल्या होत्या. सरकती चित्रं दाखवणारी लायब्ररी होती. चित्रं काढून टाकली होती, लायब्ररी तशीच. गप्पांची एक खिडकी होती, तिच्या पलीकडे उत्तर द्यायला आता कुणीच बसत नव्हतं, तरी प्रत्येक रुग्णाच्या फोनवर ती आधी उतरायची. एकच लायब्ररी दोन वेगवेगळ्या लोकांनी दोनदा आणली होती. तारखा लिहिण्यासाठी जगातल्या यच्चयावत भाषांचे महिने आणि वार येत होते.

हे सगळं दिसायचं कसं? ब्राउझरमध्येच एक सोय असते. ती सुरू करून पान वापरलं की कोडच्या ज्या ओळी चालल्या त्या निळ्या होतात आणि ज्या चालल्याच नाहीत त्या लाल. धाकट्याने ती सुरू केली, माउस हातात धरून दोन-चारदा नंबर लावून पाहिला, आणि पडदा लालेलाल झाला. त्याला मनापासून आनंद झाला. उन्हाळ्यात माळा साफ करताना होतो तसा.

तो कापत सुटला. चित्रांची लायब्ररी गेली, गप्पांची खिडकी गेली, जास्तीच्या भाषा गेल्या. शेवटी उरली कॅलेंडरची लायब्ररी, म्हणजे तारीख निवडायची ती चौकट. तिच्यात निम्म्याहून जास्त ओळी लाल होत्या. धाकट्याने ती सगळीच उचलून बाहेर टाकली आणि स्वतः छोटीशी चौकट लिहिली. सुटसुटीत, देखणी. ज्या दिवशी जागा असेल तो दिवस गडद, भरलेला असेल तो फिका.

आठवड्याच्या बैठकीत त्याने ती सगळ्यांना दाखवली. पान टिचकीसरशी उघडलं. साहेबांचा चेहरा खुलला.

टेस्टिंग बघणाऱ्या एक बाई होत्या. वयाने सगळ्यांहून मोठ्या, म्हणून सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी विचारलं, "माउस न वापरता पाहिलंस का रे? नुसत्या कीबोर्डवर? आणि फोनवर वाचून दाखवणारा आवाज असतो, तो लावून?"

"ताई, तो सगळा भाग लालच होता," धाकटा म्हणाला. "एकदासुद्धा चाललेला नाही."

"तू चालवला नाहीस म्हणून चालला नसेल."

खरं तर उत्तर तिथेच मिळालं होतं. पण समोर साहेब खूश होते, पोरंपोरी कौतुकाने बघत होती, आणि धाकट्याच्या जिभेला खाज सुटली.

"अहो ताई, कोण वापरतंय हे? ज्याला दिसत नाही तो कशाला वेबसाइट बघत बसेल?"

हशा पिकला. साहेबही हसले. ताईंनी मान खाली घातली आणि तपासणीच्या रकान्यात ठीक असल्याची खूण केली, कारण साहेबांनी "आजच वेबसाइटवर चढवा" म्हटलं होतं. त्या दिवसापासून ऑफिसात त्याचं नाव 'कात्री' पडलं. त्याला ते आवडलं.

पुढे काही आठवडे गेले. भावाकडे जाणं त्याला जमलंच नव्हतं. म्हणजे जमवलं नव्हतं. एका सुट्टीच्या दुपारी तो गेला तेव्हा दादाने दार उघडलं ते कुरकुरतच.

"बरा आलास. तुझ्या वहिनीला जरा समजाव. तपासणीची तारीख उलटून गेली हिची. डॉक्टरांनी बजावलं होतं, काचबिंदू आहे, चालढकल करू नका. मी म्हटलं मी नंबर लावतो, तर म्हणे नको, माझं मी करते. आणि करत काही नाही!"

"करतेय हो," आतून वहिनी म्हणाली. "मिळत नाही त्याला मी काय करू?"

ती कॉफी घेऊन आली. टेबलाशी येऊन थांबली, डाव्या हाताने कड चाचपली आणि मग कप ठेवला. दुसरा कप भरताना तिने एक बोट कपाच्या काठावर आत धरलं होतं. धाकटा बघतच राहिला. वहिनीला काचबिंदू आहे हे त्याला माहीत होतं. औषधाचे थेंब घालते, चष्मा बदलला, असं फोनवर कानावर यायचं आणि तो "काळजी घे गं" म्हणायचा. इतकं झालंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं.

दादा वाण्याकडे गेला तशी वहिनी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"हे बघ, त्यांच्यासमोर नको म्हटलं, लगेच ओरडतात. मला फक्त दाखव मी कुठे चुकतेय ते. आधी छान जमायचं रे मला. तीनदा माझा नंबर मीच लावला. फोन सगळं बोलून सांगायचा, अमुक वार, अमुक तारीख, जागा आहे, जागा नाही. तिथल्या नर्सबाईंना मी सांगितलंसुद्धा, ही वेबसाइट माझ्या दिराच्या कंपनीने केलीय म्हणून."

धाकट्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"आणि आता?"

"आता कुणास ठाऊक. थांब, करूनच दाखवते."

तिने फोन मांडीवर घेतला. बोट सरकवत गेली तसा फोनमधला आवाज बोलत गेला. नाव, वय, विभाग, सगळं सुरळीत. मग आवाज म्हणाला, "तारीख निवडा." तिने दोनदा टिचकी दिली. धाकट्याला पडद्यावर त्याची ती देखणी चौकट उघडलेली दिसली. पण आवाजाला तिचा पत्ताच नव्हता. तो मागच्या पानावरचा मजकूर वाचत बसला: हॉस्पिटलचा पत्ता, पार्किंगची सूचना. वहिनीला वाटलं टिचकी नीट बसली नाही. तिने पुन्हा दिली, आणि चौकट मिटली.

"बघ. असंच होतं. कधी कधी नशिबाने आत जाते, तर नुसतं एक, दोन, तीन, चार. जागा कुठल्या दिवशी आहे ते सांगतच नाही. दाबावं तर काही होत नाही."

होणार कसं? भरलेला दिवस फिका, मोकळा दिवस गडद. फोनमधल्या आवाजाला रंग कुठला दिसायला! जुन्या लायब्ररीत वार, तारीख, जागा हे सगळं बोलून सांगणाऱ्या ओळी होत्या. त्याच त्या लाल ओळी.

"मला नाही फोन करायचा एकदा?" तो कसाबसा म्हणाला.

"तू कामात असतोस. आणि म्हटलं, तुझं काम चुकायचं नाही. मीच काहीतरी वेडंवाकडं दाबत असणार. म्हातारी झाले रे, बोटंही वळत नाहीत आता."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण समोर तिचा चेहरा होता, लहानपणी त्याचं प्रगतिपुस्तक बघताना असायचा तसाच, आधीच विश्वास ठेवून बसलेला. तोंडातून निघालं ते भलतंच.

"सर्व्हरचा घोळ असेल काहीतरी. नेटवर्कपण कमी आहे इथे."

"हो का? मग ठीक," वहिनी म्हणाली.

त्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांनी बघून चुटकीसरशी नंबर लावून दिला. मोकळी तारीख बरीच पुढची होती. वहिनीने "झालं? बरं झालं" म्हटलं, पण आवाजात आनंद नव्हता. दादा परत आल्यावर म्हणाला, "बघ, मी हेच सांगत होतो. ज्याचं काम त्यानेच करावं. उगीच हट्ट." वहिनी उठून कप विसळायला गेली.

घरी जाताना धाकट्याला वाटलं, रस्त्यात कुणी ओळखीचं भेटू नये. कुणाला काय कळणार होतं? पण चोराच्या मनात चांदणं.

ऑफिसात दुसऱ्याच दिवशी बॉम्ब फुटला. हॉस्पिटलच्या स्वागतकक्षातून साहेबांना फोन आला होता: डोळ्यांचं हॉस्पिटल, तिथे कमी दिसणारी माणसं येणार नाहीत तर कोण येणार, आणि त्यांनाच नंबर लावता येत नाही. कित्येक जण नातवंडांना, शेजाऱ्यांना घेऊन काउंटरवर येत होते. कित्येक येतच नव्हते.

साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. "तपासलं कोणी होतं हे?"

पडद्यावर तो रकाना होता आणि त्यात ताईंची खूण होती. ताई मान खाली घालून पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. त्यांनी नुसतं म्हटलं असतं, "मी विचारलं होतं, आणि तुम्ही सगळे हसला होतात," तरी पुरलं असतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते आठवत होतं. प्रत्येकजण मूग गिळून बसला होता.

"ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," साहेब म्हणाले.

धाकट्याचे कान तापले. तो बोलला, पण काय बोलला? "म्हणजे सर, ते आम्हा दोघांकडूनच जरा राहून गेलं."

दोघांकडून! ताईंनी मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. एखाद्याची उंची अंदाजाने मोजावी तसं, आणि ती अपेक्षेपेक्षा कमी भरावी तसं. पुन्हा त्यांनी टोपण लावलं.

त्याला जेवण गेलं नाही. आपण नक्की कशाकशाची लाज वाटून घ्यायची हेच त्याला कळेना. कोड कापला त्याची? तो तर चुकून कापला. हसण्यावारी नेलं त्याची? वहिनीला नेटवर्क म्हणून सांगितलं त्याची? की आत्ता ताईंच्या पदरात अर्धी चूक टाकून आपला पदर अर्धा झटकला, त्याची? एकाखाली एक निघतच गेलं. दुपारी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि दार लावून उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: ताईंनी विचारलं होतं, आपण त्यांना गप्प केलं, त्यांची काही चूक नाही.

साहेब उठून खिडकीशी गेले. "हसलो तर मीही होतो," ते म्हणाले. मग वळले. "पण हे मला बंद दाराआड सांगून काय उपयोग? त्यांना बोल लागला तो सगळ्यांसमोर."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे जमले, आणि धाकट्याला तेच सगळं उभं राहून सांगावं लागलं. आधी साहेबांनी ताईंची माफी मागितली, दोन वाक्यांत. मग त्याची पाळी. बोलताना त्याचा आवाज मध्येच फाटला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्याचं झाल्यावर ताई म्हणाल्या, "बरं. आता ते दुरुस्त कधी करायचं ते बोला." बस, एवढंच.

दुरुस्त केलं. जुनी लठ्ठ लायब्ररी जशीच्या तशी परत आणायची गरज नव्हती. ताईंनी आणि त्याने बसून एक हलकी लायब्ररी शोधली, जिच्यात बोलून सांगणारा आणि कीबोर्ड ओळखणारा भाग होता आणि बाकी फापटपसारा नव्हता. गप्पांची मेलेली खिडकी, सरकती चित्रं, दोनदा आणलेलं सामान, हे कापलं होतं ते बरोबरच कापलं होतं. ते परत आलं नाही. पान आधीपेक्षा अगदी किंचित जड झालं. ताईंनी पडदा काळा करून, फोन कानाशी धरून ते पुन्हा पुन्हा तपासलं. कामापुरतं त्या त्याच्याशी बोलत. 'कात्री' म्हणून आता कुणी हाक मारत नव्हतं. सगळ्यांनी ते नाव आपोआप गिळून टाकलं होतं, आणि ते त्याला जास्त टोचायचं.

राहिली वहिनी. माफी मागायला जायचं म्हणजे वरातीमागून घोडं, हे त्याला कळत होतं. तरी दादा कामावर असेल अशी वेळ बघून तो गेला. ती खिडकीशी बसून कपडे दुमडत होती. त्याने समोर बसून सांगायला सुरुवात केली. कोड, लायब्ररी, लाल ओळी. तिने मध्येच थांबवलं.

"मला ते कळायचं नाही. साध्या शब्दांत सांग."

"तू चुकत नव्हतीस, वहिनी. मी चुकलो होतो. फोनला बोलायला लावणारा भाग मीच काढून टाकला. म्हटलं, कुणी वापरत नाही."

तिचे हात थांबले. हातातला सदरा तिने पुन्हा उलगडला, पुन्हा दुमडला.

"त्या दिवशी तू नेटवर्क म्हणालास."

"हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"काढलंस, ते चुकून झालं," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "पण मी तुझ्यासमोर स्वतःला बावळट म्हणत बसले होते रे. ते तू ऐकून घेतलंस. तू गेल्यावरही मी हेच म्हणत राहिले स्वतःला. यांच्याकडूनही ऐकून घेतलं."

धरणी दुभंगावी आणि तिने पोटात घ्यावं, असं त्याला झालं. त्याने तिच्या पायांना हात लावायला वाकायला सुरुवात केली तर ती म्हणाली, "ते नको. नाटक नको. बस नीट." मग थोड्या वेळाने, "कॉफी घेशील?" तो नाही म्हणाला. तिने आग्रह केला नाही. या घरात तिने त्याला आग्रह केला नाही असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी दादाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून धाकटा बरोबर गेला. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या माणसांकडे त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. एक आजोबा फोन कानाला लावून बसले होते, कुणाशी बोलत नव्हते, नुसते ऐकत होते. एक बाई मुलीचं बोट धरून दाराची मूठ शोधत होती. ही सगळी माणसं त्याच्या लाल ओळींत होती, आणि तो लाल पडदा बघून खूश झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी जुन्या चाचणीशेजारी नवी चाचणी ठेवली. डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी थोडी गेली होती.

"उशीर झाला त्यामुळे?" धाकट्याने विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "वेळेवर आला असता तर थेंब आधी बदलले असते. त्याने थांबलं असतं की नसतं, हे कुणीच सांगू शकणार नाही. आता पुढची तपासणी चुकवू नका."

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "विचारायची काय गरज होती?"

"मला कळायला हवं होतं."

"कळलं का?"

तिने पिशवीतून फोन काढला, बाकावर बसली आणि पुढचा नंबर लावायला घेतला. धाकटा शेजारी हात मांडीवर ठेवून बसला. आवाज बोलत होता: वार, तारीख, जागा नाही. वार, तारीख, जागा नाही. तिचं बोट सावकाश सरकत होतं. एकदा ती नको तिथे गेली, परत आली. त्याचा हात पुढे जायला शिवशिवला. त्याने तो आवरला. वार, तारीख, जागा आहे. तिने टिचकी दिली.

"लागला," ती म्हणाली, त्याला नाही, स्वतःलाच.

रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. त्याने तिच्यापुढे कोपर धरलं. तिने ते धरलं नाही, म्हणाली, "या बाजूला नको. इकडून ये, माझ्या डावीकडून. तिकडचं काही दिसत नाही मला."

तो वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आला. इतकी वर्षं तिच्याबरोबर चालला होता, आणि हे तिला आज सांगावं लागलं होतं. तिने त्याचं कोपर धरलं, आणि दोघं रस्ता ओलांडायला उभे राहिले.